औषधद्रव्य आणि औषधकल्प

अवटु ग्रंथीचे कार्य मंदावलेल्या रुग्णास लेव्होथायरॉक्सिन हे औषध रोज घ्यावे लागते. त्याची एक नेहमीची मात्रा ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग, इतकी अल्प असते. एवढा कण चिमटीत धरता येत नाही, घरच्या किंवा दुकानातल्या तराजूत तोलताही येत नाही. तरीही रुग्ण ही मात्रा रोज सकाळी बिनचूक घेतो. कारण ती त्याला गोळीच्या रूपाने मिळते. गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम धरले, तर तिच्या २,००० भागांपैकी एक भाग औषध आणि उरलेले १,९९९ भाग दुसरेच काही असते. हे दुसरे काही म्हणजे काय, ते कशासाठी घातलेले असते आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

रोगावर प्रत्यक्ष कार्य करणारा जो पदार्थ, त्यास औषधद्रव्य म्हणतात. ते रुग्णास देता यावे म्हणून त्यास जे रूप दिले जाते, त्यास औषधकल्प म्हणावे. गोळी, कॅप्सूल, पाक, मलम, डोळ्यांत घालावयाचे थेंब, शिरेतून द्यावयाचे इंजेक्शन हे सर्व औषधकल्पच होत. कल्प सिद्ध करण्यासाठी औषधद्रव्यात जे इतर पदार्थ मिसळतात ती सहायक द्रव्ये. व्यवहारात त्यांना ‘निष्क्रिय’ असे विशेषण लावण्याची रूढी आहे. ती कितपत यथार्थ आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

कल्पनेची परंपरा

एकच द्रव्य निरनिराळ्या रूपांत दिल्यास त्याचा गुण निरनिराळा येतो, ही जाणीव या देशात नवी नाही. चरकसंहितेत स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट अशा पाच कषायकल्पना सांगितल्या आहेत. ओल्या वनस्पतीचा पिळून काढलेला रस तो स्वरस, वाटून केलेला गोळा तो कल्क, उकळून आटवलेला काढा तो शृत, थंड पाण्यात भिजवून केलेला तो शीत आणि गरम पाण्यात टाकून गाळून घेतलेला तो फांट. तयार करण्याच्या रीतीस येथे ‘कल्पना’ हा शब्द योजलेला आहे. औषधकल्प हा शब्द त्याच कुळातला आहे. अडुळशाचा स्वरस ताजाच घ्यावा लागतो, काढा त्याच दिवशी संपवावा लागतो, परंतु अवलेह कित्येक महिने टिकतो. वनस्पती एक, कल्प तीन आणि प्रत्येकाचा काल व उपयोग वेगळा.

आधुनिक औषधनिर्माणशास्त्राने या जाणिवेस मोजमापाची जोड दिली. प्रत्येक गोळीत औषध किती आहे, ती किती मिनिटांत फुटते, औषध किती वेगाने विरघळते आणि किती महिने टिकते, हे आता प्रयोगशाळेत ठरवले जाते. भारताचा स्वतःचा औषधिकोश स्वातंत्र्योत्तर काळात, १९५५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. मुंबईच्या उपनगरांत या विद्येचे शिक्षण आणि संशोधन रुजले ते त्याच सुमारास. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने १९५७ साली स्थापन केलेले बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी कालिना येथे आहे. गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ साली सुरू झाले, तर मुलुंड येथे हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र १९७२ साली उभे राहिले. पूर्वीच्या आग्रा रोडवर, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, औषधांचे अनेक कारखाने एके काळी होते. त्यांतील पुष्कळसे आज तेथून गेले आहेत. तरी विक्रोळी, अंधेरी, गोरेगाव, कांदिवली या भागांत औषधकंपन्यांची कार्यालये व प्रयोगशाळा अद्यापि आहेत.

गोळीची घडण

दाबून केलेल्या गोळीचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॉकेडन याने १८४३ साली घेतले. तत्त्व साधे आहे. पोलादी साच्यात भुकटी भरावयाची आणि वरून व खालून दट्ट्यांनी दाबावयाची. परंतु नुसते औषधद्रव्य साच्यात घालून दाबल्यास बहुधा गोळी होत नाही. एक तर द्रव्य अत्यल्प असल्याने साचाच भरत नाही. भरला तरी भुकटी एकजीव होत नाही. झाली तर दट्ट्यास चिकटते. आणि न चिकटता सुटलीच तर पोटात गेल्यावर फुटत नाही. या चार अडचणींवर चार प्रकारची सहायक द्रव्ये योजतात.

पहिले भरणद्रव्य. दुधातील शर्करा म्हणजे लॅक्टोज, किंवा शुद्ध सेल्युलोजची बारीक स्फटिकी भुकटी यांसाठी वापरतात. दुसरे बंधकद्रव्य. बेसन कितीही भाजले तरी तुपावाचून लाडू वळला जात नाही, तद्वत् भुकटीचे कण एकमेकांस धरून राहण्यास स्टार्चची खळ किंवा तत्सम पदार्थ लागतो. तिसरे विघटकद्रव्य. हे पाण्यात पडताच फुगते आणि आतून गोळी फोडते. चौथे वंगणद्रव्य. मॅग्नेशियम स्टिअरेट या मऊ, स्निग्ध भुकटीचा सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी अंश मिसळला की गोळी साच्यातून सहज सुटते.

यंत्र प्रत्येक गोळी तोलून करीत नाही. साच्यात मावेल तेवढी भुकटी भरून घेते. त्यामुळे भुकटी एकसारखी ओघळणे अगत्याचे ठरते. पिठीसाखर भांड्यातून गठ्ठ्यागठ्ठ्याने पडते, रवा मात्र सरसर ओघळतो. यास्तव पुष्कळदा मिश्रण खळीने ओलसर करून चाळणीतून काढतात व सुकवून त्याचा रवा करतात. प्रारंभी उल्लेखिलेल्या लेव्होथायरॉक्सिनच्या बाबतीत तर मिश्रणाचे महत्त्व सर्वांत अधिक. दोन हजारांत एक भाग असलेले द्रव्य सर्वत्र सारखे पसरले नाही, तर एका गोळीत दुप्पट मात्रा आणि दुसरीत जवळजवळ काहीच नाही, असे होईल. आणि बाहेरून पाहता दोन्ही गोळ्या सारख्याच दिसतील.

या चार द्रव्यांत परस्परविरोधही आहे. बंधकद्रव्य वाढवल्यास गोळी कणखर होते, पण उशिरा फुटते. वंगणद्रव्य अधिक वेळ घोटल्यास ते प्रत्येक कणाभोवती पसरते आणि त्यास पाणी लागू देत नाही. कल्परचना म्हणजे या विरोधांमध्ये साधलेला तोल होय.

गोळीपासून रक्तापर्यंत

गोळी गिळली म्हणजे औषध शरीरात गेले, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः ते अद्याप केवळ अन्नमार्गात असते. गोळी फुटली पाहिजे, तिच्यातील द्रव्य विरघळले पाहिजे आणि विरघळलेले द्रव्य आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरले पाहिजे. यांतील कोणतीही पायरी अडली तर औषध असूनही नसल्यासारखे होते.

सहायक द्रव्य बदलल्याने काय होऊ शकते, याचे बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियात १९६८ साली घडले. फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाच्या कॅप्सूलमध्ये भरणद्रव्य म्हणून कॅल्शियम सल्फेट घालीत असत; त्याऐवजी लॅक्टोज घालण्यात आले. औषधाची मात्रा तीच होती. तरीही ब्रिस्बेन येथील अनेक रुग्णांत औषध अधिक झाल्याची विषारी लक्षणे दिसू लागली. शोधाअंती असे आढळले की, जुन्या भरणद्रव्याच्या सान्निध्यात औषधाचा काही अंश शोषला न जाता वाया जात होता. लॅक्टोजमुळे तो रक्तात जाऊ लागला आणि रक्तातील पातळी वाढली. ‘निष्क्रिय’ म्हणून गणलेल्या पदार्थाने रुग्णाची मात्रा बदलली होती.

याच्या उलट अडचण मुलुंडच्या संशोधनातून पुढे आलेल्या एका द्रव्याच्या वाट्यास आली. कोलियस फोर्स्कोहली या वनस्पतीची मुळे गुजराती घरांत ‘गरमर’ या नावाने लोणच्यासाठी परिचित आहेत. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर छाननी चालू असता या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य १९७० च्या दशकात वेगळे करण्यात आले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही त्याच सुमारास हेच द्रव्य कोलिओनॉल या नावाने अभ्यासले गेले. ते रक्तवाहिन्या सैल करते व हृदयाच्या आकुंचनास बळ देते. पेशीतील अ‍ॅडिनिलेट सायक्लेज या विकरास ते थेट चालना देते हे १९८१ साली स्पष्ट झाल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत ते संशोधनाचे एक नित्याचे साधन बनले.

तथापि हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हृदय खचू लागलेल्या रुग्णास औषध शिरेतून त्वरित द्यावे लागते आणि शिरेतून द्यावयाचे औषध पाण्यात विरघळलेले असावे लागते. हा पेच जपानी संशोधकांनी सोडवला. फोर्स्कोलिनच्या रेणूस योग्य ठिकाणी जोड देऊन त्यांनी पाण्यात विरघळणारे कोल्फोर्सिन डॅरोपेट तयार केले आणि ते १९९९ साली जपानमध्ये तीव्र हृदयनिष्फलतेवर वापरासाठी मान्य झाले. मुळातून द्रव्य निघाल्यापासून ते शिरेतून देता येईपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ लोटला. द्रव्याचा शोध हा औषधाच्या वाटेचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

पावसाळा आणि गोळी

मुंबईच्या हवेत औषधकल्पाची आणखी एक कसोटी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये येथील सापेक्ष आर्द्रता सर्रास ८० टक्क्यांच्या वर जाते. मीठ पाझरते, पापड नरम पडतात, आगपेटीची काडी पेटत नाही. गोळीही या नियमास अपवाद नाही. अ‍ॅस्पिरिन हे याचे सोपे उदाहरण होय. ओलाव्याशी संयोग झाला की त्याच्या रेणूचे विच्छेदन होऊन सॅलिसिलिक अम्ल आणि अ‍ॅसेटिक अम्ल तयार होतात. अ‍ॅसेटिक अम्ल म्हणजे व्हिनेगरमधील आंबट अम्ल. म्हणून जुन्या, उघड्या राहिलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीस व्हिनेगरसारखा वास येतो. असा वास आलेली गोळी टाकून द्यावी. तिच्यातील औषध कमी झालेले असते आणि पोटास अधिक दाहक असे द्रव्य वाढलेले असते.

म्हणून कल्परचनाकारास औषध कोणत्या हवेत विकले जाणार याचा विचार प्रथम करावा लागतो. दीर्घकालीन टिकाऊपणाच्या परीक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत भारताकरिता ३० अंश सेल्सिअस तपमान व ७० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी परिस्थिती नमूद आहे. शीघ्र परीक्षण ४० अंश व ७५ टक्के आर्द्रतेत करतात. थंड, कोरड्या देशात साध्या बाटलीत सुखरूप राहणारी गोळी येथे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बंद करावी लागते, ती याचसाठी. त्या अर्थी पट्टी हे केवळ वेष्टन नसून कल्पाचेच एक अंग होय. सोयीसाठी आठवड्याच्या गोळ्या काढून उघड्या डबीत ठेवणारा मनुष्य हे अंग नकळत काढून टाकत असतो.

काही द्रव्ये पाण्यात इतकी अस्थिर असतात की त्यांचा द्रवकल्प कारखान्यात करताच येत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक लहान मुलांसाठी कोरड्या भुकटीच्या रूपात बाटलीत भरून देतात आणि उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंत घरी घालावयाचे असते. त्या क्षणापासून औषधाचे आयुष्य वर्षांत नव्हे, दिवसांत मोजले जाते. अर्धी उरलेली बाटली पुढच्या तापासाठी राखून ठेवणे व्यर्थ ठरते ते याच कारणाने.

द्रवकल्प आणि त्यातील वाहक

ज्यांना गोळी गिळता येत नाही अशा बालकांस व वृद्धांस द्रवकल्प द्यावा लागतो. औषधाचा पाक हे त्याचे सर्वपरिचित रूप. औषधिकोशातील साध्या पाकात वजनाने सुमारे दोन-तृतीयांश साखर असते. साखरेचे प्रमाण एवढे असले म्हणजे सूक्ष्मजंतूंस वाढीसाठी पाणी उरत नाही. पाक कच्चा राहिला की मोरावळ्यास बुरशी येते, हा गृहिणीचा अनुभव याच तत्त्वावर आधारलेला आहे.

परंतु पुष्कळ औषधे साखरेच्या पाण्यात विरघळत नाहीत. मग ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे वाहक द्रव वापरावे लागतात. हे द्रव रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर असतात. दुर्दैवाने डायएथिलीन ग्लायकॉल हा औद्योगिक उपयोगाचा स्वस्त द्रवही तसाच दिसतो आणि तसाच लागतो. तो विषारी आहे. शरीरात त्यापासून डायग्लायकॉलिक अम्ल बनते व ते मूत्रपिंडांचा नाश करते. डोळा, नाक आणि जीभ यांना या द्रवांतील भेद कळत नाही; तो केवळ रासायनिक परीक्षेने कळतो.

अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइड या गुणकारी औषधाचा द्रवकल्प करताना याच द्रवाचा विद्रावक म्हणून उपयोग करण्यात आला. कल्पाचा रंग, वास व चव तपासली गेली. विषारीपणा तपासला गेला नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत पुष्कळ मुले होती. औषधद्रव्य निर्दोष होते. मारक ठरला तो वाहक. या घटनेनंतर १९३८ साली तेथे नवा औषधकायदा झाला आणि विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करणे बंधनकारक झाले.

तोच द्रव जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईत मृत्यूस कारण झाला. डोळ्यातील किंवा मेंदूभोवतालचा दाब उतरवण्यासाठी रुग्णास ग्लिसरीन पाजण्याची उपचारपद्धती आहे. रक्तात गेलेले ग्लिसरीन ऊतींतील पाणी ओढून घेते व दाब कमी होतो. म्हणजे येथे ग्लिसरीन हे वाहक नव्हे, तर स्वतः औषध होते. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात असे ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. चौदा रुग्ण मरण पावले. पुरवलेले ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधांची खरेदी, रुग्णालयाचा कारभार आणि औषधनियंत्रण यंत्रणा यांतील दोष परखडपणे दाखवून दिले. आयोगाचा अहवाल १९८८ साली लोकांसमोर आला. त्याच वर्षी उत्पादनाच्या सुयोग्य पद्धतींचे नियम ‘अनुसूची एम’ म्हणून देशाच्या औषधनियमांत समाविष्ट झाले.

या प्रसंगाचा शास्त्रीय बोध असा की, द्रव्याचे नाव एक असले तरी त्याचे दर्जे अनेक असतात. साबणाच्या किंवा रंगाच्या कारखान्यास चालणारे ग्लिसरीन औषधास चालत नाही. औषधी ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये, अशी मर्यादा औषधिकोशांनी घातली आहे आणि वायुवर्णलेखन पद्धतीने ती तपासता येते. पिंपावरील चिठ्ठी हा पुरावा नव्हे. पिंपातील नमुन्याची परीक्षा हाच पुरावा.

हा धडा एकदा मिळाला म्हणजे कायमचा शिकला गेला, असे मात्र झालेले नाही. २०२२ साली गांबियात भारतातून गेलेल्या पाकांचा संबंध साठाहून अधिक बालकांच्या मृत्यूंशी जोडला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे एक औषध घेतलेली वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. तमिळनाडूच्या शासकीय प्रयोगशाळेस त्या औषधाच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले, म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष होती. १९३७, १९८६ व २०२५ या तिन्ही वेळी हवी असलेली परीक्षा ज्ञात होती किंवा सहज करता येण्यासारखी होती. ती केली गेली नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून औषध घेणाऱ्याने व देणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोग्या काही गोष्टी निष्पन्न होतात. आम्लरोधी आवरण असलेली गोळी किंवा दिवसभर हळूहळू औषध सोडणारी गोळी कुटून वा चावून घेऊ नये. पहिलीतील औषध जठरातील अम्लात नष्ट होते. दुसरीतील दिवसभराची मात्रा एकदम बाहेर पडते. गिळता येत नसल्यास औषध बदलून द्रवकल्प मिळेल काय, हे वैद्यास किंवा औषधविक्रेत्यास विचारावे. ज्या द्रवात औषध न विरघळता केवळ तरंगत असते, ती बाटली प्रत्येक वेळी हलवावी. अन्यथा आरंभीचे चमचे दुबळे आणि तळाचे चमचे जहाल होतात. घरातील चमचे निरनिराळ्या मापांचे असल्याने बाटलीसोबतचे मापच वापरावे. आणि गोळी घेण्याची वेळ येईपर्यंत ती तिच्या पट्टीतच राहू द्यावी.

औषधविक्रेत्याच्या व निर्मात्याच्या दृष्टीने मात्र एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रुग्ण औषधद्रव्य घेत नाही, औषधकल्प घेतो. दोन हजारांतील एका भागाची जेवढ्या काळजीने परीक्षा होते, तेवढ्याच काळजीने उरलेल्या १,९९९ भागांची झाली पाहिजे. त्या भागांस ‘निष्क्रिय’ म्हणण्याचा अधिकार परीक्षेनंतर प्राप्त होतो, आधी नव्हे.